वॉटर पार्कला निघताय? मग काठावर कोण बसणार ते आधी ठरवा



जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात आपण सगळेच मास्तर लोक एक निबंध हमखास देतो. 'मी उन्हाळ्याची सुट्टी कशी घालवली.' पोरांनाही तो पाठ असतो, आपल्यालाही. मामाचं गाव, आंबे, विहिरीवरची मजा, कुणाच्या तरी लग्नातली वरात. अलीकडे त्यात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे ती म्हणजे वॉटर पार्क. गेल्या जूनमध्ये माझ्या चौथीच्या वर्गातल्या सात-आठ वह्यांमध्ये वॉटर पार्क होता. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, कुठल्याही मोठ्या शहराच्या आसपास आता एखादा तरी आहेच. आमच्या लहानपणी टीव्हीवर गोराईच्या एस्सेलवर्ल्डची जाहिरात लागायची आणि आम्ही ती नुसती बघायचो. आताची पोरं जाऊन येतात. चांगलंच आहे.

तर त्या वह्यांपैकी एका मुलीने लिहिलं होतं, "आम्ही सगळे पाण्यात खूप खेळलो. आई काठावर पिश्व्या संभाळत बसली. आम्हाला खूप मजा आली." मी लाल पेनाने 'पिश्व्या'चं 'पिशव्या' केलं, 'संभाळत'ला काना दिला, सही केली आणि पुढची वही उघडली. मग पुन्हा मागे येऊन ते वाक्य वाचलं. कारण महिन्यापूर्वी आमच्या घरात हेच घडलं होतं, आणि ते इतक्या सरळ वाक्यात संपलं नव्हतं.

ते आधी सांगतो. मग माझं म्हणणं मांडतो.

मागच्या मे महिन्यात आम्ही आठ जण गेलो होतो. मी, बायको, आमची दोन मुलं, दादा, वहिनी, त्यांचा साडेपाच वर्षांचा मुलगा आणि आई. आम्ही जुन्नर तालुक्यातले, त्यामुळे पहाटेच उठून भाड्याची गाडी करून निघालो. पार्कचं नाव सांगत नाही, कारण दोष त्यांचा नाही. तयारी म्हणाल तर आठ दिवस चालू होती. कुठल्या पार्कात जायचं, किती स्लाइड आहेत, गाडी कुणाची, सकाळी नाश्त्याला थांबायचं कुठे, सगळी चर्चा मी आणि दादाने फोनवर केली. वहिनींना कळवलं ते एवढंच की रविवारी जायचंय, दशम्या करा.

दशम्या गेटवरच अडल्या. बहुतेक पार्कांमध्ये बाहेरचं खायला आत नेऊ देत नाहीत, हे माहीत असायला हवं होतं. तो डबा आम्ही गाडीत ठेवला. पुढे पाण्याजवळच्या माणसाने वहिनींना थांबवलं. त्या सुती पंजाबी ड्रेसमध्ये होत्या आणि पाण्यात नायलॉनचेच कपडे लागतात. हा नियम काही उगाच नसतो. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, त्याचे धागे सुटून पाणी गाळणाऱ्या यंत्रात अडकतात, आणि चेन-बटणांनी स्लाइडवर ओरखडे पडतात. भाड्याने कॉश्च्यूम मिळत होता. माझ्या बायकोने घेतला. वहिनींनी तो हातात धरून बघितला. बिनबाह्यांचा, गुडघ्याच्या वर. समोर दीर, शेजारी सासू. त्यांनी तो परत ठेवला आणि म्हणाल्या, "राहू द्या. मला नाही आवडत पाणी. तुम्ही जावा, मी सामान बघते."

आम्ही गेलो. अगदी लगेच गेलो, हे मला आता आठवतं.

दुपारी तीनच्या सुमारास लाटांच्या तलावाचा, म्हणजे वेव्ह पूलचा भोंगा वाजला. हा तलाव समुद्रकिनाऱ्यासारखा उतरता असतो. पलीकडच्या भिंतीमागची यंत्रं ठराविक वेळाने दहा-पंधरा मिनिटं लाटा सोडतात. भोंगा झाला की सगळा पार्क तिकडे पळतो. मी लेकीचा हात धरून पुढे गेलो, बायको आमच्या धाकट्याला घेऊन कडेला होती. पुतण्या दादाबरोबर आहे असं मला वाटलं. दादाला वाटलं तो माझ्याबरोबर आहे, नाहीतर वेफर्स मागायला आईकडे गेला असेल. वहिनी तिकडे छत्र्यांच्या रांगेमागे आठ जणांच्या चपला, पिशव्या आणि फोन घेऊन बसलेल्या. मध्ये शंभर माणसं. त्यांना तलाव दिसतच नव्हता.

पुतण्या कमरेएवढ्या पाण्यात एकटा होता. पहिल्या लाटेने त्याचे पाय सुटले. दुसरी लाट त्याच्या तोंडावरून गेली. हे मी बघितलं नाही. हे आम्हाला एका ताईंनी सांगितलं, ज्या स्वतःच्या मुलांबरोबर तिथेच उभ्या होत्या. त्यांनी त्याला काखेत हात घालून उचललं आणि गर्दीकडे वळून मोठ्याने विचारलं, "कोणाचं आहे हे पोर?"

तो प्रश्न मी ऐकला आणि मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी असेल.

पोर खोकलं, रडलं, थोडं पाणी ओकलं. पार्कच्या प्रथमोपचार खोलीत नेलं, तिथून जवळच्या डॉक्टरकडे. देवाच्या दयेने सगळं ठीक होतं. पण गाडीत बसल्यावर दादा वहिनींवर ओरडला, "तुझं लक्ष कुठं होतं?" वहिनी काही बोलल्या नाहीत. मीही काही बोललो नाही. आणि हे तर दोन दिवसांनी आईकडून कळलं. वहिनींचं माहेर कुकडीच्या काठचं. लहानपणी पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या. आमच्या आठ जणांत पोहता येणारं ते एकच माणूस होतं, आणि त्याला आम्ही चपलांवर बसवलं होतं.

आता माझं मत. वॉटर पार्कचं नियोजन म्हणजे तिकीट, गाडी आणि जेवण, असं आपण समजतो. ते सगळं नंतर. पहिला प्रश्न हा की काठावर कोण बसणार आणि किती वेळ. हा प्रश्न घरी सोडवला नाही तर तो तिथे गेल्यावर आपोआप सुटतो, आणि दर वेळी तो घरातल्या एका बाईच्या अंगावरच सुटतो. त्यात तिचा दिवस तर जातोच, शिवाय पोरांवर नजर असते हा नुसता भास राहतो. कारण सामान सांभाळणं आणि पोर सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. ती एका माणसाला एका जागी बसून जमत नाहीत.

मला लाज याची वाटते की मी शिक्षक आहे. शाळेची सहल काढताना आम्ही दहा मुलांमागे एक शिक्षक धरतो. गाडीत चढताना मोजतो, उतरताना मोजतो, जेवायच्या आधी आणि नंतर मोजतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, ती बातमी आपण कुणीच विसरलेलो नाही. तेव्हापासून सहलीच्या परवानगीचे कागद आपण किती वेळा लिहिलेत ते तुम्हालाही माहीत आहे. दुसऱ्यांची पस्तीस पोरं मी डोळ्यांत तेल घालून सांभाळली. घरची तीन मोजली नाहीत. शाळेच्या सहलीत कोणता मुलगा कोणत्या शिक्षकाकडे, हे यादीत लिहिलेलं असतं. घरच्या सहलीत पाच मोठी माणसं असतात आणि प्रत्येकाला वाटतं बाकीचे चौघे बघतायत.

"अहो, तिथे लाइफगार्ड असतात की!" असं तुम्ही म्हणाल. असतात, आणि बिचारे दिवसभर उन्हात उभे राहून शिट्ट्या मारतात. पण त्यांच्यापुढे शेकडो डोकी असतात. ते तुमच्या पोराचे काका नव्हेत. तुमचं पोर कोणतं हे त्यांना ओळखताही येत नाही.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवसानंतर वाचून कळली, ती प्रत्येक पालकाला माहीत हवी. बुडणारा माणूस हात उंचावून 'वाचवा, वाचवा' ओरडतो, हे सिनेमात. प्रत्यक्षात तसं फार क्वचित होतं. तोंड पाण्याच्या वर येतं न येतं तोवर पुन्हा खाली जातं. तेवढ्या वेळात श्वास घेणंच जमत नाही, ओरडणार कुठून? हात हलवून बोलावताही येत नाही, ते आपोआप बाजूला पसरून पाणी दाबत राहतात. अंग उभंच असतं, मान मागे गेलेली असते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोर खेळतंय. म्हणून 'काही झालं तर ओरडेल' या भरवशावर राहू नका. पाण्यात दंगा करणारं पोर एकदम गप्प झालं, तर ताबडतोब त्याच्याकडे बघा. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ साली २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस म्हणून जाहीर केला. आपण रोज फळ्यावर दिनविशेष लिहितो, त्यात या जुलैपासून हाही लिहूया.

मग करायचं काय? आम्ही घरी बसून जे ठरवलं ते सांगतो. त्यात काही सुधारणा सुचली तर जरूर कळवा.

शाळेसारखं वेळापत्रक करायचं. बहुतेक पार्क सकाळी दहाच्या सुमारास उघडून संध्याकाळी पाच-सहापर्यंत चालतात. म्हणजे सात-आठ तासिका झाल्या, मधली सुट्टी धरून. प्रत्येक तासिकेला एका मोठ्या माणसाची 'नजर ड्यूटी'. त्या माणसाच्या हातात फोन नाही, पिशवी नाही, पोरांपासून लक्ष हटवणारं काहीच नाही. सामान लॉकरमध्ये. दोनशे रुपये वाचवायला आपण लॉकर घेत नाही आणि एका माणसाचा अख्खा दिवस त्या पिशव्यांना बांधतो, याचा हिशेब आपल्याला कधी लागतच नाही. ड्यूटी बदलताना तोंडाने बोलायचं, "आता तू बघ." "हो, बघतो." समोरच्याने 'हो' म्हटल्याशिवाय आधीच्याने हलायचं नाही. आणि सहा वर्षांच्या आतल्या पोराला लांबून बघून भागत नाही. त्याच्याजवळ एक जण हात पोहोचेल इतक्या अंतरावर पाण्यातच हवा. हवा भरलेलं बदक किंवा कमरेची रिंग ही खेळणी आहेत, ती उलटतात. पार्कात लाइफ जॅकेट मिळतं का ते मागून बघा, लाजू नका.

पोरांचे कपडे भडक घ्या. केशरी, झणझणीत पिवळा, पोपटी असले. निळे, आकाशी आणि पांढरे कपडे पाण्यात दिसेनासे होतात आणि नेमके तेच आपण हौसेने घेतो. गेटवर पोरांचा त्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा. चुकामूक झाली तर 'निळी चड्डी होती बहुतेक' असं सांगायची वेळ येत नाही. दंडावर न पुसणाऱ्या पेनाने फोन नंबर लिहा. आणि पोराला सांगा, आम्ही दिसलो नाही तर पळू नकोस, शिट्टीवाल्या काकांजवळ जाऊन उभा राहा.

आता बायकांच्या कपड्यांचं. वाचताना काही जण म्हणतील, गुरुजी कुठे शिरले! पण शिरायलाच हवं. कपड्यांचा नियम काय आहे हे जायच्या आधी फोन करून विचारा आणि घरातल्या प्रत्येक बाईला सांगा. पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे नायलॉनचे कपडे बाजारात मिळतात. चालतात का ते पार्कला विचारून घ्या. तिच्या मनासारखे कपडे चार दिवस आधी आणले तर ती पाण्यात उतरेल. नाहीतर 'मला पाणी आवडत नाही' असं म्हणेल आणि आपण ते खरं मानून मोकळे होऊ. सहलीची तारीखही घरातल्या बायकांना विचारून ठरवा. का, ते सांगायला नको. मंगळसूत्र, कानातलं, जोडवी घरी ठेवायची की गाडीत, हेही आधीच बोलून घ्या, कारण स्लाइडवर अडकणारी कुठलीही वस्तू धोक्याची.

आणि एखादीला खरोखरच पाण्यात जायचं नसेल तर? तर तो तिचा निर्णय. आमच्या आईचे गुडघे दुखतात, ती स्लाइडवर चढणार नाही. पण न जाणं हे तिने सांगावं, आपण गृहीत धरू नये. आणि ती काठावर बसली म्हणून तिला आपोआप राखणदार नेमू नये. वय झालेल्या माणसाला गर्दीत एक पोर शोधत राहायला लावणं बरोबर नाही.

पैशाचंही सांगतो, कारण आपण पगारी माणसं. माणशी ८०० रुपये तिकीट होतं, मुलांचं ६००. पाच मोठे, तीन लहान. गणित चौथीचं आहे, वर्गात देऊन बघा. ४००० आणि १८०० मिळून ५८००. गाडी, जेवण, कॉश्च्यूमचं भाडं धरून साडेअकरा हजारांच्या घरात गेलो. पाण्यात न जाणाऱ्यालाही बऱ्याच ठिकाणी पूर्ण तिकीट पडतं. म्हणजे आई आणि वहिनी मिळून १६०० रुपये भरून आम्ही दोन राखणदार बसवले. मुलांचं तिकीट पुष्कळ ठिकाणी वयावर नसून उंचीवर असतं. प्रगतिपुस्तकात आपण उंची-वजन लिहितो ना, ते बघून जा, गेटवर वाद नको. काही स्लाइडनाही उंचीची अट असते. 'जाऊ द्या की हो, एकदाच' म्हणून तिथल्या माणसाला गळ घालू नका. पोर हलकं असलं की वळणावर उसळतं, म्हणून ती अट असते.

बाकीचं थोडक्यात. जुलाब होत असतील त्या पोराला पाण्यात नेऊ नका, त्याच्यासाठी आणि दुसऱ्यांसाठीही. पाणी तोंडात घेऊन पिचकाऱ्या मारायच्या नाहीत. मे महिन्यात पाण्यात असतानाही ऊन लागतं आणि तहान कळत नाही, म्हणून दर तासिकेला पाणी पाजा. फरशी तापते, रबरी चप्पल असू द्या. शक्यतो मधल्या वारी जा. सुट्टीत तसेही आपल्याला सगळे वार सारखेच असतात, मग रविवारच कशाला?

इतकं वेळापत्रक लावलं तर मजा काय राहिली, असं दादाही म्हणाला होता. मी त्याला विचारलं, मागच्या वेळी तुला मजा आली का? तो गप्प बसला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "मी तिला गाडीत बोलायला नको होतं." वर्ष झालं होतं त्या गोष्टीला. हे त्याने वहिनींना सांगितलं की नाही मी विचारलं नाही.

यंदा पुन्हा जायचं ठरलंय, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी. पोरांच्या हट्टामुळे ठरलं हे खरं, पण पुतण्याची पाण्याची भीती मोडायला हवी, असं वहिनीच म्हणाल्या. गेल्या आठवड्यापासून त्या त्याला माहेरच्या विहिरीवर नेतात. भोपळ्याऐवजी आता पाठीला प्लॅस्टिकचा रिकामा डबा असतो. त्यांनी गर्द केशरी रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणलेत आणि आईने ते बघून नाक मुरडलं नाही. वेळापत्रक माझ्या लेकीने चार्ट पेपरवर केलंय, तासिकांचे चौकोन आखून, खाली सगळ्यांच्या सह्या. पहिली तासिका, पाण्यात वहिनी आणि पोरं. नजर ड्यूटी, दादा.

ते वाचून दादा म्हणाला, "तासभर नुसतं उभं राहून मी करू काय?"

वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मोजत राहा. तीन आहेत."